मचूळ पाण्याचं सोपं उत्तर

भुईगाव, वसई
१८ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप मेरी आत्यास,
जेसिकाचा सा. न. वि. वि.

तुमच्या कॉन्व्हेंटला मोबाईलची रेंज नाही याचा मला पूर्वी वैताग यायचा. आता बरं वाटतं. पत्रात निदान तू मला मध्येच तोडत नाहीस. मोखाड्याची थंडी सरली का? गुडघ्याचं तेल लावतेस की नुसतंच कपाटात ठेवलंयस?

आता खरी बातमी. आपली विहीर बिघडली, आत्या. पाणी मचूळ लागतंय. मम्मीने परवा चहाचा पहिला घोट घेतला आणि कपाकडे असं पाहिलं, जसं काही त्यानेच तिला फसवलं. केळीच्या पानांच्या कडा करपल्या आहेत. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात. पप्पा असते तर वाडीतून घरात आलेच नसते.

तुझा भाचा कॅल्विन म्हणतो, की खोल बोअर मारू, खाली गोड पाणी असणारच. वालीवच्या कारखान्यात दिवसभर लेथ मशीनवर उभं राहून आल्यावर मेलेली केळी बघवत नाहीत, असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण पुढे हेही म्हणाला, की बोअरला पाणी लागलं नाही तर वाडी बिल्डरला देऊन मोकळं होऊ. मम्मी उठून आत गेली. त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही.

मग मी काय केलं ते सांगते, आणि तू रागावणार हे माहीत असूनही सांगते. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे लोक आपापले प्रश्न टाकतात आणि जगातलं कोणीही उत्तर देतं. मी विचारलं, की समुद्राजवळची विहीर खारट का होते, पाचवीतल्या मुलाला सांगतात तसं सांगा. एका अनोळखी माणसाने लगेच समजावलं. जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, जसं पाण्यावर तेल. आपण पंपाने फार ओढलं, की खालचं खारं वर येतं. मला एका झटक्यात कळलं! कॅल्विनला सांगून मी पंप बंद करवला आहे. थोडे दिवस विहिरीला हात लावायचा नाही, म्हणजे तेल जसं वर येतं तसं गोडं पाणी पुन्हा वर येईल. तोवर टँकर.

तुझी भाची हुशार निघाली, असं मनात तरी म्हण. लोभ आहेच, तो रागावल्यावरही राहू दे.

तुझी,
जेसिका

•

मोखाडा
३ मार्च २०२४

चि. जेसिकास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचले. गुडघ्याचे तेल लावते. थंडी सरली. आता मुद्द्यावर येते.

तू बी. कॉम. झालेली बाई. माणिकपूरच्या विमा कचेरीत लोकांना पॉलिसीतली बारीक अक्षरे समजावून सांगतेस. आणि स्वतःच्या विहिरीबद्दल पाचवीच्या मुलाचे उत्तर मागतेस? हा आळस आहे, बाळ. कोणीतरी घास चावून द्यावा आणि आपण गिळावा. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले. सोपे करून सांगा, म्हणणारी मुले मी पुष्कळ पाहिली. त्यातल्या बहुतेकांना विषय नको असायचा, सुटका हवी असायची.

शिवाय तुला मिळालेली उपमा खोटी आहे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, म्हणून थोडा वेळ थांबले की वेगळी होतात. गोडे आणि खारे पाणी मिसळते. एकदा मिसळले की कितीही थांब, आपोआप वेगळे होणार नाही. तेव्हा पंप बंद ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही. पंप कमी चालवणे चांगले, पण तू ज्या कारणासाठी थांबली आहेस ते घडणार नाही.

सोबतच्या पानांवर मी सगळे रीतसर लिहिले आहे. घनता, द्रवस्थितिक दाब, गोड्या पाण्याच्या थराची जाडी आणि समुद्रसपाटी यांचा संबंध, उपशाने होणारा फुगवटा. आकृतीही काढली आहे. हे शांतपणे बसून वाच. कॅल्विनलाही वाचून दाखव.

वहिनींना म्हणावे, मी रोज प्रार्थनेत विहिरीचे नाव घेते. आमच्या सिस्टर जोआना हसतात, की विहिरीसाठी रोझरीची माळ म्हणणारी पहिलीच सिस्टर पाहिली. माझ्या कडक शब्दांमागची माया ओळखशील असे धरून चालते.

तुझी आत्या,
सि. मेरी

•

भुईगाव
२४ मार्च २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू बरोबर होतीस. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. पंप बंद ठेवला, टँकर आणले, आणि काल पाणी काढून पाहिलं तर तसंच मचूळ. कॅल्विन हसला. वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, की तुझ्या इंटरनेटच्या मास्तरला बोलाव आता वाडी शिंपायला. मग त्याने माझ्यासमोरच बोअरवाल्या विलासभाऊंना फोन लावला. ईस्टर झाला, की एप्रिलच्या अखेरीस मशीन येणार.

तुझी पानं मी त्याला जेवताना वाचून दाखवली. 'द्रवस्थितिक' या शब्दाला तो हात धुवायला उठला तो परत आला नाही. मम्मीने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, की मेरी नक्की काय म्हणते, पाणी गोड होणार की नाही? मला सांगता आलं नाही. मी ती पानं तीनदा वाचली, आत्या. शब्द कळले. विहिरीत काय चाललंय ते डोळ्यांसमोर आलं नाही.

आळसाबद्दल. त्या अनोळखी माणसाचं उत्तर मिळाल्यावर मी दुसरा प्रश्न विचारला नाही, खूश होऊन पंप बंद करून बसले. तो आळस होता, कबूल. पण विचारणं हा आळस नव्हता. मला माझ्या वाडीचं काय होतंय ते समजून घ्यायचं होतं, आणि जिथून आत शिरता येईल तिथून मी शिरले. तिथे मला कोणी म्हणालं नाही, की एवढंही येत नाही? सुट्टीत तू आम्हां सगळ्या भावंडांना ओटीवर बसवून शिकवायचीस ना, तेव्हा मला निम्मं कळायचं नाही आणि मी मान हलवायचे. कॅल्विनही हलवायचा. तुझा धाक होता. प्रेमही होतं, पण प्रश्न विचारायला धाकच आधी आडवा यायचा.

तेव्हा त्या अनोळखी माणसाला विचारलं तेच आता तुलाच विचारते. विहीर खारट का झाली आणि बोअर मारला तर काय होईल, हे पाचवीतल्या मुलाला सांगतात तसं सांग. खोटी उपमा न देता. मशीन यायच्या आत.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवूनच एवढं तोंड चालवलं.

जेसिका

•

मोखाडा
७ एप्रिल २०२४

चि. जेसिकास,
अ. उ. आ., आणि ईस्टरच्या शुभेच्छा.

तुझे पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचले. मग ठरवले, की या मुलीला एका पानात उत्तर देऊन टाकू, त्यात काय मोठेसे. पान लिहिले आणि सिस्टर जोआनांना ऐकवले. त्या स्वयंपाकघर बघतात, हुशार आहेत, पण विज्ञान कधी शिकलेल्या नाहीत. त्यांनी विचारले, की खारे पाणी जड असते तर ते वर कसे येते? जड वस्तू खाली राहायला हवी.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्या तोंडून पुन्हा 'दाब' आणि 'समतोल' हेच शब्द निघाले. त्या मान हलवू लागल्या. ती मान मला ओळखीची वाटली, जेसिका. तुझ्या पत्रातली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले, पुन्हा फसले. शेवटी लिहिणे सोडून स्वयंपाकघरात गेले. जे मी केले ते तू कर.

काचेची मोठी बरणी घे. तळात जाडसर धुतलेली रेती घाल. पाण्यात मीठ विरघळव, बीट किसून त्याला लाल रंग आण आणि ते पाणी बरणीत अर्ध्यापर्यंत भर. मग वरून साधे पाणी, अगदी सावकाश, उलट्या चमच्यावरून सोड. घाई केलीस तर सगळे मिसळेल आणि पुन्हा सुरुवात करावी लागेल. आमची मिसळली. नीट जमले की लाल खाली, साधे वर. आता एक नळी काचेला चिकटवून वरच्या पाण्यात धर आणि हळू ओढ. साधे पाणी येईल. मग जोरात ओढ आणि नळीखाली काय होते ते बघ. लाल पाणी डोंगरासारखे वर चढते. वरचे वजन आपण काढून घेतले, म्हणून खालचे उचलले गेले. मग नळी खोल घाल, थेट लालच येईल. तो तुझा बोअर.

सिस्टर जोआनांनी स्वतः ओढून पाहिले आणि म्हणाल्या, की असं सरळ सांगायचं ना! मला राग आला आणि हसूही.

माझे मत मी पूर्ण सोडलेले नाही. पण एक कबूल करते. सोपे सांगणे हे मी आजवर कमी दर्जाचे काम समजत होते. ते करायला बसले तेव्हा कळले, की मला हा विषय जेवढा येतो असे वाटत होते, तेवढा येत नव्हता.

बरणी फोडू नका. माया तीच, धाक थोडा कमी केला आहे.

तुझी आत्या,
सि. मेरी

•

भुईगाव
२८ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल मशीन आलं. गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत आलं, आणि त्याला वळता यावं म्हणून शेजारच्या पाट्रोवांच्या कुंपणाच्या दोन काठ्या काढाव्या लागल्या. सगळी आळी बघायला जमली. विलासभाऊ उतरले, कॅल्विनने जागा दाखवली, आणि मी ओटीवर तुझी बरणी मांडून ठेवली होती.

मी कॅल्विनला म्हटलं, की मशीन चालू करण्याआधी हे बघ, मग तुला जे करायचं ते कर, मी एक शब्द बोलणार नाही. तो वैतागला. माणसं उभी आहेत, तू खेळ काय मांडलास, म्हणाला. पण विलासभाऊच पुढे आले. काय आहे ताई, म्हणाले. मी नळी ओढली. हळू ओढली तेव्हा साधं पाणी आलं. जोरात ओढली तेव्हा खालून लाल रंगाचं टोक वर आलं आणि नळीत शिरलं. विलासभाऊंनी माझ्या हातातून नळी मागून घेतली आणि स्वतः ओढली. तोंड वाकडं करून म्हणाले, की खारट आहे हो! सगळे हसले. कॅल्विन हसला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि बरणीकडे बघत राहिला, जसा तो लेथवर नवीन तुकडा लावण्याआधी बघतो.

त्याने विलासभाऊंना विचारलं, की खोल गेल्यावर गोड पाणी लागेल याची खात्री देता का? ते म्हणाले, की मी खड्डा करून देतो, पाण्याची खात्री या पट्ट्यात मी कोणालाच देत नाही, आणि तुम्ही मला विचारलंही नव्हतं.

मग कॅल्विन माझ्याकडे वळला. म्हणाला, की ठीक आहे, पण मग फेबियन काकांची विहीर गोड कशी? त्यांची वाडी तर सुरूच्या बागेला लागून, आपल्यापेक्षा समुद्राच्या जवळ. पंप त्यांचाही चालतो. तुझ्या बरणीप्रमाणे आधी त्यांची खारट व्हायला हवी होती.

आत्या, सगळी आळी माझ्याकडे बघत होती. बरणीत त्याचं उत्तर नव्हतं, तुझ्या पानांत असेल तर मला ते सापडलं नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. हात मोबाईलकडे गेला, तेव्हा कॅल्विन म्हणाला, की तो राहू दे, चल जाऊन बघू.

मशीन तसंच उभं ठेवून आम्ही चालत गेलो. विलासभाऊही आले. फेबियन काकांनी बादली काढून दिली. पाणी गोड, थंड. कॅल्विन विहिरीभोवती फिरला, पंप बघितला, आमच्यासारखाच. मग मागे गेला आणि बराच वेळ आला नाही, म्हणून मी बघायला गेले. तो काकांच्या बावखलाच्या काठावर उभा होता. उन्हाळा असूनही त्या तळ्यात कंबरभर पाणी, कडेला केवडा, वर खंड्या बसलेला. काका म्हणाले, की पावसात हे काठोकाठ भरतं आणि मग हळूहळू जिरत राहतं, गेल्या पिढीपासून असंच आहे.

कॅल्विनने मला विचारलं, की तू बरणीत वरचं पाणी ओढून संपवल्यावर पुन्हा वरून ओतलंस का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, की काकांच्या बरणीत दरवर्षी कोणीतरी वरून ओततं, आपल्या बरणीत कोणी ओतत नाही.

आपलं बावखल कुठे गेलं ते तुला ठाऊक आहे. गल्लीत डांबरी रस्ता आला तेव्हा आळीतल्या बहुतेकांनी गाड्या लावायला आपापली बुजवली, पप्पांनीही. आज तिथे कॅल्विनची गाडी आणि पत्र्याची शेड आहे. घरी आल्यावर तो शेडसमोर उभा राहिला, मग विलासभाऊंना म्हणाला, की माफ करा, आज बोअर नको. ते म्हणाले, की मशीन माझं आहे, पाणी तुमचं, ठरवायचं तुम्ही.

मम्मीने सगळ्यांना जेवायला घातलं. विलासभाऊंनाही. आता सांग, मी आळशी का?

तुझ्या उत्तराची ओढ असलेली,
जेसिका

•

मोखाडा
१२ मे २०२४

चि. जेसिकास,
अ. उ. आ.

पत्र सिस्टर जोआनांना मोठ्याने वाचून दाखवले. 'खारट आहे हो' याला त्या अजून हसतात.

नाही, तू आळशी नाहीस. माझे तेव्हाचे पत्र चुकीच्या जागी बोट ठेवत होते. तुझा प्रश्न वाचून मी तुला आळशी ठरवले. प्रश्नाच्या तोंडावरून ते ठरत नसते. पहिल्या उत्तरानंतर माणूस पुढचे विचारतो का, तिथे ते ठरते. कॅल्विनने विचारले. तो कधीच काही विचारत नसे. सांगून टाकते, की ती ओळ वाचून माझे डोळे भरले. तुझ्या बरणीशिवाय तो त्या बावखलापर्यंत चालत गेला नसता, आणि बरणीवर थांबला असता तरीही नाही.

आता काम. शेड काढून तळे खणायचे तर पावसाआधी खणा. माती भुसभुशीत लागेपर्यंत जा, वरच्या भरावावर थांबू नका. तळ सिमेंटचा करू नका, नाहीतर ती टाकी होईल. पंप थोडा वेळ, हळू चालवा. आणि एका पावसात चमत्कार होईल असे वहिनींना सांगू नका. जमिनीत मुरलेले मीठ धुऊन निघायला काही पावसाळे लागतील.

आणखी एक. त्या अनोळखी माणसाला कळव, की तेलाची उपमा सोडून दे, त्याने एका घरचा पंप बंद पाडला. बरणीची कृती लिहून दे. त्याला अजून पुष्कळ लोक विचारणार आहेत, त्यांना खरे मिळाले पाहिजे.

घरातल्या सर्वांवर जीव आहे, हे वेगळे लिहायला हवे का?

तुझी आत्या,
सि. मेरी

•

भुईगाव
१२ जानेवारी २०२५

ती. मेरी आत्यास,
कॅल्विनचा सा. न. वि. वि.

जेसिकाने पेन हातात दिलं आणि दार लावून घेतलं, म्हणून लिहितोय. मला पत्राची सवय नाही, समजून घे.

शेड मेमध्येच काढली. तू सांगितलं तसं भरावाखाली मूळ माती लागेपर्यंत खणलं. बाटल्या, विटा, एक मोडकी सायकलसुद्धा निघाली. पावसात बावखल भरलं. मी कामावरून आल्यावर रोज आधी तिथे जायचो. मम्मी म्हणते, गाडी धुवायला कधी एवढा उत्साह नव्हता.

पाणी अजून पूर्ण गोड नाही. पंप जास्त चालला, की जिभेला कळतं. पण केळीची नवीन पानं कडेपर्यंत हिरवी आहेत, आणि मोगऱ्याला फुटवा आलाय. वाडी विकायचं मी काढत नाही, आणि कोणी काढलं तर मीच भांडतो. जेसिकाने त्या इंटरनेटवाल्याला बरणीची कृती पाठवली. त्याने आभार मानले आणि आपलं उत्तर बदललं. त्याच्या खाली केरळातल्या कोणीतरी लिहिलंय, की आमच्याकडेही असंच झालंय.

आता खरं काम. आळीतल्या लोकांना बघायचं होतं, म्हणून रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये मी बरणी मांडली. कारखान्यातून पारदर्शक नळी आणली, ती स्ट्रॉपेक्षा बरी. सगळं नीट झालं. शेवटी शेजारच्या बिल्डिंगमधली अनुष्का उठली. ती इथे नवीन राहायला आलीय. तिने विचारलं, की तुम्ही खणलेल्या तळ्यातलं पाणी तुमच्याच विहिरीत जातं कशावरून? शेजाऱ्याच्या विहिरीत गेलं तर? मग प्रत्येकाने खणायची गरज काय, एकाने खणलं की झालं. हॉलमध्ये एकदम गोंधळ. अर्धे म्हणाले बरोबर आहे, अर्धे म्हणाले नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही, आत्याला विचारून सांगतो. वाटलं, आता सगळे उठून जातील. कोणी गेलं नाही. उलट फेबियन काका म्हणाले, की मलाही हे ऐकायचंय.

तर सांग. आणि मला सगळं सांग, लांब असलं तरी चालेल. या वेळी हात धुवायला उठणार नाही.

तुझा,
कॅल्विन

•

मोखाडा
२० जानेवारी २०२५

चि. कॅल्विनास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझे पत्र आले. अक्षर तुझ्या पप्पांसारखे आहे, हे आजवर मला माहीतच नव्हते.

अनुष्काचा प्रश्न फार चांगला आहे. पाणी जमिनीत कुंपण बघून वाहत नाही, एवढे मला पुस्तकातून सांगता येईल. पण तुमच्या आळीत ते कुठून कुठे जाते, तळ्याजवळच्या विहिरीत किती आणि दूरच्या विहिरीत किती, हे मला माहीत नाही. ते तिथल्या विहिरींचे पाणी चाखून, मोजून, पावसाळ्याआधी आणि नंतर बघूनच कळेल. कोणीतरी ते करायला हवे. त्या मुलीला बरोबर घे. विचारणाऱ्याला कामाला लावावे.

शनिवारी आमची जीप वसईला येते आहे, तिच्यातून मी येते. चार दिवस राहीन. मला विहिरीपाशी खुर्ची लागेल, गुडघ्यामुळे. घनतेपासून सुरुवात करू आणि या वेळी सगळे सांगेन. न कळले तर तिथेच थांबवून विचार. मी रागावणार नाही. आणि रागावले, तरी विचार.

येईपर्यंत ही माया पत्रातूनच घे.

तुझी आत्या,
सि. मेरी